माजी सैनिकांच्या सभागृहात नागरिकत्वाचा वर्ग भरवावा का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: न्यू जर्सीत राहणारे हे वाचक मूळचे सातारा जिल्ह्यातले. वडिलांच्या मागोमाग ते तरुणपणी ग्रीन कार्डावर अमेरिकेत आले, भूदलात भरती झाले आणि सेवेत असतानाच अमेरिकेचे नागरिक झाले. आता ते गोदाम व्यवस्थापनाच्या क्षेत्रात नोकरी करतात आणि ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेचे, म्हणजे तिथल्या भाषेत ‘पोस्ट’चे, सभासद आहेत. पोस्टमधले बहुतेक सभासद व्हिएतनाम युद्धाच्या काळातले असून तिचे सभागृह आठवड्यातले बरेच दिवस बंदच असते. नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या स्थलांतरितांसाठी तिथे संध्याकाळचा वर्ग सुरू करावा, असे या वाचकांच्या मनात आहे. मात्र ज्यांना ते फार मानतात असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “माझे आजोबा कुणाच्या मदतीशिवाय इंग्रजी शिकले. शिवाय आजकाल हा विषय राजकारणाचा झाला आहे, त्यावरून पोस्टमध्ये फूट पडेल.” दुसऱ्या एका सभासदाचे मत असे की, मदत करायचीच तर ज्यांनी सैन्यात सेवा केली त्यांनाच करावी. इकडे मराठी मंडळातले ओळखीचे लोक विचारतात, “त्या झेंडेवाल्यांकडे कशाला जायचे? उद्या कागदपत्रे तपासू लागले तर?” वाचक लिहितात, “प्रस्ताव मांडला तर मी शेवटी परकाच, स्वतःच्या माणसांची सोय पाहणारा, असे पोस्टला वाटेल. नाही मांडला तर मलाच चैन पडणार नाही. पोस्टमध्ये आग्रह धरू, मंडळातच वर्ग सुरू करू, की विषय सोडून देऊ?”

प्रिय वाचक,

तुमचे पत्र वाचल्यावर मला सर्वांत आधी तुमच्या प्रस्तावाबद्दल नव्हे, तर ‘परका’ या तुमच्या शब्दाबद्दल लिहावेसे वाटले. ज्या संघटनेचे सभासदत्व केवळ सैन्यातल्या सेवेवर मिळते, तिचे तुम्ही सभासद आहात. तिथे बसण्याचा तुमचा हक्क कुणाच्या मेहेरबानीने आलेला नाही. तरीही प्रस्ताव मांडण्याआधी तो आपल्या आडनावाच्या रंगात वाचला जाईल अशी धास्ती तुम्हाला वाटते, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. माझी विनंती एवढीच की, सभासदांच्या मनात काय येईल याचा निकाल तुम्ही त्यांच्या वतीने आधीच लावून टाकू नका. पत्रात तुम्ही दोन सभासदांची मते दिली आहेत. पोस्टमध्ये त्याहून बरीच माणसे आहेत, आणि गप्प बसणारा प्रत्येक जण विरोधातच असतो असे नाही.

आता ज्येष्ठ सभासदांच्या म्हणण्याकडे वळते. त्यांच्या बोलण्यात दोन गृहीतके आहेत आणि दोन्ही तपासून पाहण्यासारखी आहेत. पहिले गृहीतक असे की, पूर्वीचे स्थलांतरित कुणाच्याही मदतीशिवाय नागरिक झाले. त्यांच्या आजोबांचे कष्ट मी नाकारत नाही, आणि तुम्हीही भर सभेत ते खोडायला जाऊ नका. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या औद्योगिक शहरांत सार्वजनिक शाळांचे रात्रवर्ग भरत होते, वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या सेवाभावी संस्था इंग्रजी शिकवत होत्या, आणि फोर्डच्या कारखान्याने तर १९१४ मध्ये आपल्या कामगारांसाठी इंग्रजीची स्वतंत्र शाळाच काढली होती. या वर्गांमागे सगळीकडेच निर्मळ हेतू होता असे नाही. स्थलांतरितांनी आपली भाषा आणि चालीरीती टाकून द्याव्यात हा आग्रहही त्यात होता. तरी मदत होती, आणि ती घेणाऱ्यांचे नातू आज अभिमानाने आजोबांची गोष्ट सांगतात. ज्येष्ठांना एकांतात विचारून पाहा, आजोबा कुठे आणि कोणाकडून शिकले. हा प्रश्न वाद घालण्यासाठी नव्हे, खऱ्या कुतूहलाने विचारा. कदाचित ते त्यांनाही ठाऊक नसेल आणि शोधावेसे वाटेल.

दुसरे गृहीतक असे की, माजी सैनिकांच्या संघटनेने या विषयात पडणे ही नवीन आणि राजकीय गोष्ट आहे. वस्तुतः लीजन या विषयात तिच्या जन्मापासून आहे. १९१९ मध्ये ती स्थापन झाली आणि त्याच वर्षी ‘अमेरिकॅनिझम’, म्हणजे नागरिकत्वाची जाणीव रुजवणे, हे तिने आपल्या कामाचे एक मुख्य अंग ठरवले. आजही तिच्या चार आधारस्तंभांपैकी तो एक मानला जातो. या इतिहासाच्या दोन बाजू आहेत आणि तुम्ही दोन्ही जाणून असावे असे मला वाटते. १९२० च्या दशकात स्थलांतरावर कठोर निर्बंध घालणाऱ्या कायद्यांना लीजनने पाठिंबा दिला होता. पण त्याच संघटनेने पुढे एका वेगळ्या प्रसंगी घेतलेली भूमिका आपल्यासारख्या भारतीय वंशाच्या लोकांनी विसरता कामा नये, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

पंजाबात जन्मलेले भगतसिंग थिंड १९१३ मध्ये अमेरिकेत आले आणि पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, अमेरिकी सैन्यात भरती झाले. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईस येथे त्यांनी सेवा केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांना नागरिकत्व मिळाले आणि काही दिवसांतच ते काढून घेण्यात आले, कारण त्या काळच्या कायद्यानुसार नागरिकत्व ‘गोऱ्या’ व्यक्तींना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळू शकत होते. १९२० मध्ये ओरेगनच्या न्यायालयाने ते पुन्हा दिले. सरकारने त्याला आव्हान दिले आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भारतीय माणूस या कायद्याच्या अर्थाने गोरा ठरत नाही. गणवेश घातलेल्या, सन्मानाने सेवामुक्त झालेल्या सैनिकाला देशाने दारातून परत पाठवले. ही कोंडी सुटली ती १९३५ च्या नाय-ली कायद्याने. वंशामुळे नागरिकत्व नाकारले गेलेल्या पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना या कायद्याने नागरिक होण्याची वाट मोकळी केली. त्यासाठी जपानमध्ये जन्मलेले माजी सैनिक टोकी स्लोकम यांनी राजधानी वॉशिंग्टनमध्ये चिकाटीने खटपट केली, आणि त्यांच्या पाठीशी अमेरिकन लीजन आणि ‘व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स’ या दोन्ही संघटना उभ्या राहिल्या. या कायद्याच्या आधारे थिंड १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नागरिक झाले. इतर भारतीयांना हा हक्क मिळायला १९४६ चा ल्यूस-सेलर कायदा यावा लागला.

हे मी तुम्हाला इतिहासाचा पुरावा म्हणून सभेत फडकवण्यासाठी सांगत नाही. माजी सैनिकांच्या संघटनेजवळ नेमके कोणते बळ असते, हे या प्रसंगात दिसते. त्या वेळी आशियाई माणसाच्या बाजूने बोलणारे अनेक होते, पण त्यांचे शब्द ऐकून घेतले जात नव्हते. ज्यांच्या देशनिष्ठेबद्दल कुणी शंका घेऊ शकत नव्हते अशांनी ‘हा आमच्यातला आहे’ असे म्हटले, तेव्हा वजन पडले. तुमच्या पोस्टकडे ही पत आजही आहे. इंग्रजीचे वर्ग ग्रंथालये घेतात, अर्ज भरायला सेवाभावी संस्था मदत करतात. पण ज्या माणसाला गावात आपले कुणीच नाही असे वाटते, त्याच्या शेजारी पोस्टची टोपी घातलेला सत्तरीतला माणूस येऊन बसतो आणि त्याच्याकडून प्रश्नांची उजळणी करून घेतो, ही गोष्ट दुसरी कोणतीही संस्था देऊ शकत नाही. माझे तुम्हाला सांगणे या एका मुद्द्याभोवती आहे: पोस्टने सोबती व्हावे, परीक्षक होऊ नये.

म्हणूनच ‘सेवा केलेल्यांनाच मदत’ या दुसऱ्या सभासदाच्या मताबद्दल मी थोडे सावधपणे लिहिते. सुरुवात तिथूनच करा, पण तिथे थांबू नका. सुरुवात तिथून अशासाठी की, सैन्यात सेवा केली म्हणजे नागरिकत्व आपोआप मिळते असा अनेकांचा, स्वतः सैनिकांचाही, समज असतो आणि तो चुकीचा आहे. अर्ज करावाच लागतो. सेवेत असताना अर्ज राहून गेला आणि पुढे एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झाली, अशा काही माजी सैनिकांना देशाबाहेर काढण्यात आले आहे. लीजनच्या सभासदत्वासाठी नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे तुमच्याच पोस्टमध्ये किंवा शेजारच्या पोस्टमध्ये ग्रीन कार्डावर असलेला एखादा माजी सैनिक असणे अशक्य नाही. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ नागरिकत्वाच्या कायद्याच्या दृष्टीने युद्धकाळ मानला जातो. त्या काळात सन्मानाने सेवा केलेल्याला पाच वर्षांच्या वास्तव्याची अट लागत नाही आणि सैनिकी सेवेच्या आधारे केलेल्या अर्जाला शुल्कही पडत नाही. ‘आधी आपल्याच यादीत विचारून पाहू, कुणाचा अर्ज राहिला आहे का,’ या प्रस्तावाला विरोध करणारा सभासद मला तरी कल्पनेत दिसत नाही. एकदा हे काम सुरू झाले की सैनिकाची पत्नी, तिची आई, शेजारचे कुटुंब अशी वर्तुळे वाढत जातात, आणि मग कोण पात्र आणि कोण अपात्र हा हिशेब मागे पडतो.

आता मंडळातल्या तुमच्या परिचितांकडे वळू. त्यांच्या भीतीला ‘गैरसमज’ म्हणून झटकून टाकू नका. स्थलांतरितांच्या मनात आज जी धास्ती आहे तिला कारणे आहेत, आणि झेंडा, गणवेश, टोपी यांचा अर्थ प्रत्येकाच्या अनुभवाप्रमाणे बदलतो. तुमच्या-माझ्या जिल्ह्यात माजी सैनिक म्हणजे गावच्या शाळेत पंधरा ऑगस्टला मानाने बोलावला जाणारा माणूस; अपशिंग्यासारख्या गावांत तर घरोघरी एखादा फौजी. त्या आठवणीने तुम्ही पोस्टकडे पाहता. पण अमेरिकेत विमानतळावर चौकशीसाठी दुसऱ्या खोलीत नेऊन बसवलेला माणूस अधिकृत दिसणाऱ्या कुणाकडेही तसे पाहणार नाही. तेव्हा भीती घालवण्यासाठी भाषण देण्यापेक्षा व्यवस्था नीट लावा. पहिले काही वर्ग पोस्टच्या सभागृहात न घेता ग्रंथालयात किंवा मंडळाच्या जागेत घ्या आणि पोस्टचे दोन-तीन सभासद तिथे जाऊ द्या. दारात कुणाचाही स्थलांतराचा दर्जा विचारू नका. पत्ता आणि ग्रीन कार्डाचा क्रमांक लिहायला लावणारी हजेरीवही ठेवू नका. कुणाच्याही कागदपत्रांच्या प्रती पोस्टच्या कपाटात राहता कामा नयेत, भले त्या सोयीच्या वाटोत. वर्गात राष्ट्रगीत किंवा निष्ठेची प्रतिज्ञा सक्तीची करू नका. ज्याला म्हणावीशी वाटेल तो म्हणेल.

प्रत्यक्ष वर्गात काय करता येईल, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी नागरिकशास्त्राची नवी परीक्षा लागू झाली आहे. पूर्वी १०० प्रश्नांच्या यादीतून १० विचारत आणि ६ बरोबर आले की पुरे होत. आता यादी १२८ प्रश्नांची आहे, २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. या यादीच्या शेवटी ‘मेमोरियल डे म्हणजे काय?’ आणि ‘व्हेटरन्स डे म्हणजे काय?’ हे दोन प्रश्न आहेत. पहिला दिवस सेवेत प्राण गेलेल्यांचा, दुसरा सेवा केलेल्या सर्वांचा, हा फरक अनेक जन्मजात अमेरिकनही नीट सांगत नाहीत. तो ज्याने मित्र गमावले आहेत त्याच्या तोंडून एकदा ऐकला की पाठ करावा लागत नाही. दुसरे महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम, आखाती युद्ध यांत अमेरिका का उतरली, असेही प्रश्न त्या यादीत आहेत. व्हिएतनामचे अपेक्षित उत्तर एका ओळीचे आहे: साम्यवादाचा प्रसार थांबवण्यासाठी. तिथून परतलेल्या माणसाकडे सांगण्यासारखे याहून पुष्कळ असेल, आणि ते त्याने वर्गानंतर कॉफी पिताना जरूर सांगावे. परीक्षेसाठी मात्र ती एक ओळच पक्की करून घ्यावी.

याहूनही उपयोगाचा म्हणजे मुलाखतीचा सराव. परीक्षेत नापास होऊ म्हणून लोकांना प्रश्नांच्या यादीची भीती वाटते, पण आपल्याकडच्या वयस्कर मंडळींची अडचण बहुधा ऐकण्यात असते. घरी मुलगा किंवा सून सराव घेते तेव्हा प्रश्न आपल्याच वळणाच्या इंग्रजीत येतो, आई निम्मे उत्तर मराठीत देते आणि विचारणाऱ्यालाही डबे, ऑफिस, मुलांचा क्लास अशी घाई असते. मुलाखतीच्या दिवशी अनोळखी अधिकारी प्रतीक्षाकक्षाच्या दारात येऊन नाव पुकारतो, तेही बहुधा चुकीच्या उच्चारात. चालता चालता ‘आज कसे आलात, पार्किंग मिळाले का’ असे काही विचारतो. खोलीत नेऊन उजवा हात वर करायला लावतो आणि खरे बोलण्याची शपथ देतो. मग अर्जातले प्रश्न एकामागून एक येतात, आणि त्यांची उत्तरे देतानाच तुमचे बोलीभाषेतले इंग्रजी तपासले जाते. शिवाय तीन वाक्यांपैकी एक नीट वाचायचे असते आणि तीनपैकी एक लिहायचे. या सगळ्याची रंगीत तालीम पोस्टच्या सभागृहात हुबेहूब करता येते. एक घडीचे टेबल, दोन खुर्च्या, बाहेरच्या खोलीत बसलेल्या आजी, आणि दार उघडून त्यांचे नाव आपल्या पद्धतीने उच्चारणारे तुमचे ते ज्येष्ठ सभासद. आजींनी तीन-चार वेळा वेगवेगळ्या अमेरिकन आवाजांत ‘कृपया उभ्या राहा आणि उजवा हात वर करा’ हे ऐकले की खऱ्या दिवशी छातीत होणारी धडधड निम्म्याने कमी होते. एखादा भाग राहिलाच तर ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते, हेही त्यांना आधीच सांगून ठेवावे.

तुमच्या वर्गाला येणाऱ्या प्रत्येकाला ही सगळी परीक्षा द्यावी लागेलच असे नाही, आणि ही माहिती आपल्या लोकांपर्यंत नीट पोहोचलेली नसते. ज्यांचे वय ५० पूर्ण आहे आणि ग्रीन कार्ड मिळून २० वर्षे झाली आहेत, किंवा वय ५५ आणि ग्रीन कार्डाला १५ वर्षे झाली आहेत, त्यांना इंग्रजीच्या परीक्षेतून सूट आहे. नागरिकशास्त्राची परीक्षा ते दुभाष्याच्या मदतीने आपल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, देऊ शकतात. वय ६५ आणि ग्रीन कार्डाला २० वर्षे असतील तर प्रश्नांची यादीही फक्त २० ची असते. त्यांतले १० विचारतात आणि ६ बरोबर यावे लागतात. स्मरणशक्तीच्या आजारासारख्या वैद्यकीय कारणांसाठी डॉक्टरांनी भरून द्यायचा वेगळा अर्ज असतो. वीस वर्षांपूर्वी मुलाकडे आलेले आणि ‘आम्हाला कुठले आता इंग्रजी जमणार’ म्हणून अर्ज टाळत बसलेले कितीतरी आजी-आजोबा मराठी मंडळांच्या गणपतीत पहिल्या रांगेत दिसतात. त्यांना एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

आता ज्या ठिकाणी पोस्टने हात आवरायचा आहे, त्याबद्दल. कायद्याचा सल्ला फक्त वकील, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थांतले मान्यताप्राप्त प्रतिनिधीच देऊ शकतात. अशा संस्थांची राज्यवार यादी न्याय खात्याच्या संकेतस्थळावर असते. तुमच्या भागातली एक शोधून वर्ग सुरू होण्यापूर्वीच तिच्याशी बोलणे करून ठेवा. ‘या रकान्यात काय लिहू?’ हा साधा वाटणारा प्रश्नसुद्धा कधी कधी कायद्याचा असतो. दिवाळीला गावी गेलेले आणि आंब्याचा मोसम संपवूनच परतलेले आजोबा सहा महिन्यांहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिलेले असतात, आणि सलग वास्तव्याची अट तिथे अडू शकते. कधी काळी अटक झाली आणि प्रकरण निकालात निघाले, तरी ते अर्जात सांगावे लागते. मोटार परवान्याच्या कार्यालयात नकळत मतदार नोंदणीच्या कागदावर सही झाली असेल, तर ती गोष्ट फार गंभीर ठरू शकते. १८ ते २६ या वयात अमेरिकेत असूनही सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीसाठीच्या सरकारी यादीत, नोंदणी न केलेल्या पुरुषांचेही प्रश्न असतात. यांपैकी काहीही कानावर आले की सद्भावनेने उत्तर देऊ नका, तर वकिलाकडे किंवा मान्यताप्राप्त संस्थेकडे पाठवा. चुकीच्या वेळी केलेला अर्ज माणसाला नागरिकत्वाऐवजी हद्दपारीच्या प्रक्रियेत ढकलू शकतो, म्हणून हा नियम पोस्टच्या प्रत्येक स्वयंसेवकाकडून आधीच मान्य करून घ्या.

पैशांचेही थोडे. एप्रिल २०२४ पासून नागरिकत्वाच्या अर्जाचे शुल्क कागदी अर्जाला ७६० डॉलर आणि ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर झाले. मर्यादित उत्पन्न असलेल्या कुटुंबांना ते ३८० डॉलरला पडते आणि काहींना पूर्ण माफीही मिळते. अर्ज करण्याच्या दिवशी यूएससीआयएसच्या, म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर आकडा पुन्हा तपासावा. पोस्टने वर्षातून एकदा नाश्त्याचा कार्यक्रम करून चार-दोन कुटुंबांचे शुल्क उचलले, तर ते झेपण्यासारखे आहे. मुलाखतीला कार्यालयापर्यंत नेऊन आणणे हेही तितकेच मोलाचे, विशेषतः ज्यांची मुले दूरच्या राज्यात आहेत त्यांच्यासाठी.

एका गोष्टीवर मला तुमच्याशी अधिक मोकळेपणाने बोलायचे आहे. तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरते लिहिले आहे की, परदेशी सैन्यात सेवा केलेल्यांना भारताचे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय ये-जा करू देणारे) मिळत नाही, त्यामुळे गावी आईला भेटायला जाताना तुम्हाला दर वेळी व्हिसा काढावा लागतो. नागरिकत्वाची किंमत काय असते हे तुमच्या पोस्टमध्ये तुमच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. म्हणून वर्गात येणाऱ्या प्रत्येकाने नागरिक व्हायलाच हवे असे धरून चालू नका, आणि तुमच्या सहकाऱ्यांनाही तसे धरू देऊ नका. भारताच्या कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. पासपोर्ट परत करावा लागतो. पुढे ओसीआय मिळाले तरी भारतात मत देता येत नाही, आणि शेतजमीन वारशाने येऊ शकते पण नव्याने विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसासाठी हा लहान विचार नाही. सगळे समजून घेऊन ‘मी ग्रीन कार्डावरच राहतो’ असे एखाद्या काकांनी ठरवले, तर त्यांना तितक्याच आदराने चहा द्यावा. उलट मतदानाचा हक्क, घरच्यांना बोलावण्याची सोय, आणि कार्डाच्या नूतनीकरणातून व दीर्घ प्रवासाच्या धास्तीतून सुटका या गोष्टी ज्यांना हव्या आहेत, त्यांना अपराधीपणा न वाटता पुढे जाता यावे, यासाठी तुमची सोबत उपयोगी पडेल.

शपथेबद्दलही तसेच. नागरिकत्वाच्या शपथेत, कायद्याने मागणी केल्यास देशासाठी शस्त्र उचलण्याचे वचन आहे, आणि मुलाखतीत ते पंचाहत्तरीच्या आजींनाही विचारले जाते. त्या गोंधळून जातात. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन कुटुंबांसाठी तर हा श्रद्धेचा प्रश्न आहे. धार्मिक श्रद्धेच्या कारणाने शपथेतून हा भाग वगळून घेण्याची तरतूद आहे. ती मागावी कशी, हे मान्यताप्राप्त प्रतिनिधी सांगेल. पण १९७३ पासून अमेरिकेत सक्तीची भरती झालेली नाही आणि सरकार आजींच्या हाती बंदूक देणार नाही, हे त्यांना शांतपणे सांगायला शस्त्र प्रत्यक्ष हाताळलेल्या माणसाइतका योग्य दुसरा कोण? शिवाय राज्यघटनेचे ‘देशातल्या आणि देशाबाहेरच्या सर्व शत्रूंपासून’ रक्षण करण्याचे जे शब्द नवा नागरिक उच्चारतो, जवळजवळ तेच तुम्ही आणि तुमच्या त्या ज्येष्ठांनी भरतीच्या दिवशी उच्चारले होते. ही गोष्ट सभेत न सांगता त्यांना दोन्ही शपथा छापून शेजारी शेजारी वाचायला द्या.

शपथविधीच्या दिवशी पोस्टने झेंडे घेऊन उपस्थित राहणे ही जुनी आणि चांगली पद्धत आहे, पण काम तिथे संपत नाही. सोशल सिक्युरिटी कार्यालयात नोंद बदलणे, अमेरिकी पासपोर्टचा अर्ज, भारतीय पासपोर्ट परत करण्याची कागदपत्रे, मग ओसीआय, या सगळ्यात नवा नागरिक एकटा पडतो. त्याच्या हातात एक छापील कागद द्या, आणि महिन्याने एक फोन करा. मतदार नोंदणी मात्र निवडणूक कार्यालयाच्या लोकांकडेच राहू द्या; पोस्टने कोणत्याही पक्षाकडे झुकल्याची शंका येऊ देऊ नये, म्हणजे ज्येष्ठांची फुटीची भीतीही निराधार ठरेल.

तेव्हा तुमच्या तीन पर्यायांबद्दल माझे मत असे. विषय सोडू नका. पोस्ट आणि मंडळ यांतले एकच निवडण्याची गरज नाही. मंडळाची जागा आणि माणसे, पोस्टची पत आणि वेळ, असे दोघांचे जमवा. प्रस्ताव लहान ठेवा: सभासदांपैकी नागरिकत्व राहिलेल्यांचा शोध, आणि मुलाखतीच्या सरावाची एक संध्याकाळ महिन्यातून एकदा, तीही तीन महिने करून पाहण्यापुरती. वर्ग सर्व स्थलांतरितांसाठी असेल, असे त्यात स्पष्ट लिहा. तुमच्या गावात इक्वेडोर, फिलिपिन्स, हैती इथून आलेली माणसेही असतीलच, आणि पहिल्या संध्याकाळी ती खोलीत असली की ‘स्वतःच्या माणसांची सोय’ हा आक्षेप तुम्हाला खोडावा लागणार नाही. सभेच्या आधी ज्येष्ठांना भेटा आणि त्यांच्याकडे पाठिंबा न मागता काम मागा: मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याची जागा. ते नाही म्हणाले तरी तुम्ही त्यांना आधी विचारलेत, हे त्यांच्या लक्षात राहील.

इतर गावांतल्या वाचकांपैकी ज्यांच्या ओळखीत एकही माजी सैनिक नाही, त्यांनी जवळच्या पोस्टमध्ये फोन करून ‘सराव घ्यायला कुणी येईल का’ एवढेच विचारावे. अनेक पोस्ट असे काही तरी करण्याची संधी शोधत असतात. आणि तुमच्या सभेत मतदानात प्रस्ताव पडलाच, तर बाजूने हात वर केलेल्या सभासदांची नावे टिपून ठेवा. ग्रंथालयात वर्ग सुरू करायला तेवढे पुरतात, आणि पोस्टचे पदाधिकारी दरवर्षी नव्याने निवडले जातात, तेव्हा प्रस्ताव पुढच्या वर्षी पुन्हा ठेवता येईल.